मांजराची ॲलर्जी निघाली आहे आणि बोका घरातच ठेवायचा आहे. काय काय करावं लागेल? (सोलापूर)

प्रश्न: जुळेसोलापूर_तळमजला

नमस्कार मंडळी. मुद्द्याचंच लिहिते.

वन बीएचके, तळमजला. दोन वर्षांचा देशी बोका, नसबंदी झालेली नाही. दिवसभर घरात, रात्री आमच्या पायथ्याशी झोपतो. मला सकाळी उठल्या उठल्या पंधरा-वीस शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज, रात्री नाक चोंदणं. दम लागणं, छातीत घरघर वगैरे काही नाही. रक्ततपासणीत मांजराचं आयजीई (ॲलर्जीची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह. नाकाचा स्प्रे आणि रात्रीची एक गोळी चालू झाली आहे. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, मार्केट यार्डात सोडून या, तिथं उंदीर भरपूर. तसं करणार नाही, हे नक्की आहे.

विचारायचं ते असं. केस बारीक करून घेतले तर फरक पडतो का? अंघोळ किती दिवसांनी घालायची? एअर प्युरिफायर घ्यायचा तर केवढा? झोपायची खोली १० बाय १२, उंची १० फूट, उन्हाळ्यात खिडकीत कूलर असतो. अंथरुणात कापसाच्या गाद्या आणि सोलापुरी चादरी. नळाला पाणी चार दिवसांआड येतं, त्यामुळे "सगळं रोज धुवा" हा सल्ला आमच्याकडं चालणारा नाही. त्यातल्या त्यात काय करावं ते सांगा.


उत्तर: वीतभर

ताई, पहिलं म्हणजे केस डोक्यातून काढून टाका. ॲलर्जी केसांची नसते. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तेलग्रंथींत एक प्रथिन तयार होतं, त्याला फेल डी १ म्हणतात. मांजर दिवसभर अंग चाटतं, लाळ केसांवर वाळते, कातडीचा बारीक कोंडा सुटतो आणि त्याच्यावर बसून हे प्रथिन घरभर फिरतं. यातले काही कण ५ मायक्रॉनपेक्षा लहान असतात. धुळीसारखे ते पटकन खाली बसत नाहीत, हवेत तासन् तास तरंगतात, आणि कापडाला एकदा चिकटले की झटकून जात नाहीत. म्हणून भादरून उपयोग नाही. उलट आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत उघड्या कातडीला ऊन लागेल ते वेगळंच.

आता तुमच्या घरात हे प्रथिन सगळ्यांत जास्त कुठं आहे ते बघा. दाराच्या चौकटीवर, सोफ्याच्या कोपऱ्यावर, पलंगाच्या पायावर, जमिनीपासून वीतभर उंचीला एक तपकिरी, तेलकट पट्टा दिसेल. बोका येता-जाता गाल घासतो ती ही जागा. मांजराच्या तोंडावरच्या भागात हे प्रथिन अंगापेक्षा जास्त असतं आणि तो पट्टा म्हणजे त्याचाच थर आहे. बादलीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाकून कापडानं पुसा, मग साध्या पाण्यानं. आठवड्यातून एकदा. हे प्रथिन पाण्यात विरघळतं, त्यामुळे ओलं पुसण्याला जेवढं यश आहे तेवढं कोरड्या झाडण्याला नाही. केरसुणीनं झाडलं तर खाली बसलेलं तेच परत हवेत जातं आणि नाकाशी येतं. ओल्या पोछ्यावर भर द्या. झाडायचंच असेल तर ते घरातल्या दुसऱ्या कुणी करावं, आणि तुम्ही अर्धा-पाऊण तास त्या खोलीत जाऊ नये.

सगळ्यांत मोठी गोष्ट झोपायची खोली. दिवसातले सात-आठ तास तुम्ही तिथं एकाच जागी श्वास घेता, तोंड उशीला लागलेलं असतं. बोका तिथं अजिबात नको, दिवसाही नको. "रात्री बाहेर काढतो, दुपारी झोपतो बिचारा" असं केलं तर दुपारची झोप रात्री तुमच्या नाकात जाते. दार बंद. बोक्याला मांडीवर घेऊन बसलेला गाऊन किंवा ड्रेस घालून झोपायला जायचं नाही, आणि ते कपडे त्या खोलीत खुंटीला टांगायचे नाहीत.

एक लक्षात असू द्या: बोका खोलीतून काढला म्हणजे दुसऱ्या दिवशी फरक दिसेल असं नाही. मांजर घरातून पूर्ण गेलं तरी प्रथिनाची पातळी खाली यायला चार ते सहा महिने जातात. तुम्ही गाद्या-चादरी धुवून, भिंती पुसून सुरुवात केली तर बरंच लवकर जाणवेल. पण दोन दिवसांत निकाल लावून "काही उपयोग नाही" म्हणू नका.


उत्तर: हातमाग_टॉवेल

चादरीचं मी सांगतो, कारण इथंच बहुतेक लोक चुकतात.

आपली सोलापुरी चादर जाड सुताची, दुपदरी विणीची. तिच्या दोन पदरांत धूळ आणि कोंडा अडकून बसतो, आणि ती भिजली की एवढी जड होते की घरात हातानं नीट खळबळून निघत नाही. साबण राहतो, आतलं प्रथिनही राहतं. तीन चादरी एकत्र मशीनमध्ये कोंबल्या तर पाणी आतपर्यंत पोचतच नाही. म्हणून रोजच्या वापरातून ती काढा. थंडीत हवीच असेल तर तिला पातळ सुती खोळ शिवून घ्या आणि धुवायची ती खोळ. गादीवर साधा पातळ बेडशीट आणि उशीचे अभ्रे, असे दोन जोड ठेवा. एक वापरात, एक धुतलेला कपाटात, दार बंद करून. असा एक पातळ जोड दोन बादल्या पाण्यात निघतो: एक साबणाची, एक खळबळायची. जमलं तर अर्धी बादली अजून खळबळायला, कारण प्रथिन खरं निघतं ते खळबळण्यात. खळबळलेलं पाणी संडासात टाकायला ठेवा. आठवड्यातून एकदा, पाणी येतं त्या दिवशी. चार दिवसांआड पाणी असलं तरी एवढं बसतं.

गरम पाणी लागतंच असं नाही. धुळीतले किडे मारायला ५५-६० अंश लागतात, मांजराच्या प्रथिनाला गारही चालतं, फक्त पाणी बदललं पाहिजे.

कापसाची गादी धुता येत नाही. ती उन्हात टाकून काठीनं झोडपायची आपली पद्धत आहे. सोलापूरच्या उन्हानं ओल आणि किडे जातात, पण हे प्रथिन उन्हानं मरत नाही, ते जिवंत नसतंच. झोडपलं की ते उडतं. ते काम तुमच्याकडून नको. दुसऱ्या कुणी मास्क लावून गच्चीवर करावं, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून. त्यानंतर गादीला दाट विणीची, चेन लावलेली खोळ घाला, चारही बाजूंनी बंद. नुसती वरून पसरलेली चादर म्हणजे खोळ नाही. उशी जुनी असेल तर टाकून नवीन घ्या, तिच्यावर खर्च करण्यासारखा दुसरा खर्च नाही.

अजून एक. ऑगस्ट ते ऑक्टोबर गाजरगवत फुलतं, जुळे सोलापूरच्या मोकळ्या प्लॉटांवर कमरेएवढं असतं. त्या दिवसांत अंथरूण त्या बाजूला वाळत घालू नका, परागकण घेऊनच घरात येईल. आणि वाळत घातलेल्या चादरीवर बोका जाऊन बसत नाही ना, तेही बघा. ऊन लागलेलं कापड त्याला फार आवडतं.

प्युरिफायरचं: १० × १२ × १० म्हणजे १,२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर. तासाला निदान पाच वेळा खोलीची हवा गाळली जायला हवी, म्हणजे १७० घनमीटर. खोक्यावर सीएडीआर (यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं) हा आकडा बघा, १७० ते २०० च्या खाली असेल तर घेऊ नका. खरा हेपा फिल्टर पाहिजे, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा. "हेपा टाइप" असं लिहिलेलं असेल तर ठेवून द्या. नुसतं आयन सोडणारं, ओझोन तयार करणारं यंत्र अजिबात नको, ओझोननं नाक-घसा अजून बिघडतो.

पण प्युरिफायर खिडक्या-दारं बंद असतानाच काम करतो. मार्च ते जून तुम्ही कूलर लावणार. खिडकीतला मोठा कूलर तासाला हजार घनमीटरच्या वर बाहेरची हवा आत ढकलतो. त्याच्यापुढं प्युरिफायर म्हणजे पुरात ओंजळ. त्या महिन्यांत तो बंद ठेवा, वीज वाया घालवू नका. कूलरनं खोलीतली हवा सारखी बदलते, ते तुमच्या फायद्याचंच आहे. मात्र कूलरची पाठ बाहेर हवी आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी. कूलर खोलीतच ठेवून चालवला तर तीच हवा फिरत राहते. त्याच्या जाळीतलं वाळ्याचं किंवा लाकडी भुशाचं गवत दर हंगामाला बदला. जुन्या गवताला बुरशी धरते, कुबट वास येतो आणि शिंका मांजराच्या नावावर जातात.

म्हणून आधी अंथरूण आणि दार. प्युरिफायर पावसाळ्यानंतर घेतला तरी चालेल.


उत्तर: नाकाची_वाट

औषधाबद्दल. गोळ्यांची मात्रा तुमचे डॉक्टर ठरवतील, पण वापरण्यातल्या चुका सांगते.

नाकाचा स्टेरॉइड स्प्रे (फ्लुटिकासोन, मोमेटासोन) शिंक आली की मारायचा नसतो. तो रोज, ठरलेल्या वेळी मारायचा. पूर्ण परिणाम दिसायला एक ते दोन आठवडे लागतात. चार दिवसांत सोडून देणारे फार आहेत. पद्धत अशी: आधी नाक शिंकरून मोकळं करा. बाटली हलवा. नवीन बाटली असेल तर धूर नीट येईपर्यंत हवेत चार-सहा वेळा दाबा. मान किंचित खाली, वर बघायचं नाही. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हातानं उजव्या नाकपुडीत, म्हणजे नळीचं टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडं होतं. हळू श्वास घेत दाबा. जोरात ओढलं आणि घशात कडू लागलं तर औषध पोटात गेलं, नाकाला काही मिळालं नाही. नाकातून रक्ताचे ठिपके येत असतील तर टोक मधल्या पडद्याला लागतंय. आपल्या कोरड्या हवेत हे जास्त होतं.

स्प्रेच्या दहा मिनिटं आधी मिठाच्या पाण्यानं नाक धुतलं तर दोन्हींचा उपयोग वाढतो. २५० मिली पाण्यात चहाच्या सपाट चमच्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं साधं, आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. पाणी खळखळून उकळून कोमट केलेलंच. टाकीतलं किंवा हंड्यात भरून ठेवलेलं कच्चं पाणी नाकात घालू नका, त्यातला अमीबा मेंदूपर्यंत जाऊ शकतो. क्वचित होतं, पण जीवघेणं असतं.

मेडिकलमधून मिळणारे नाक मोकळं करणारे थेंब (झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन) तीन ते पाच दिवसांपलीकडं नकोत. त्यापुढं थेंब सोडले की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस त्यात अडकतो. गोळीत सेटिरिझिननं झोप येते, रात्री घ्या आणि सकाळी स्कूटर काढण्याआधी स्वतःकडं बघा. फेक्सोफेनाडिन दिली असेल तर फळांच्या रसाबरोबर घेऊ नका, अंगी लागत नाही. आणि "एक इंजेक्शन मारतो, तीन महिने शिंक नाही" असं कुणी म्हटलं तर ते बहुतेक लांब टिकणारं स्टेरॉइड असतं. वारंवार घेतलं की साखर, हाडं आणि शरीराची स्वतःची स्टेरॉइड यंत्रणा, सगळ्यांवर परिणाम होतो.

आता तपासणी. आयजीई पॉझिटिव्ह म्हणजे शरीर त्या प्रथिनाला ओळखतं, एवढंच. त्रास त्याचाच आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. झुरळ, धुळीतले किडे, गाजरगवत यांची तपासणीही झाली आहे का बघा. यातलं काही जोडीला असेल तर बोका गेला तरी शिंका राहतील. त्वचेवर टोचून करायची चाचणी पंधरा-वीस मिनिटांत कळते. त्यासाठी ॲलर्जीची गोळी पाच ते सात दिवस आधी बंद ठेवावी लागते, पण ती डॉक्टरांना विचारूनच. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर बोक्याला पाठवू नका, तुम्ही आठ-दहा दिवस मांजर नसलेल्या घरी राहून या. तिथं शिंका थांबल्या आणि परत आल्यावर दोन दिवसांत सुरू झाल्या, तर उत्तर मिळालं.

शेवटचं, आणि हे सगळ्यांत गंभीर. आज छातीत काही नाही, चांगलं आहे. पण नाकाची ॲलर्जी असणाऱ्यांना पुढं दमा होण्याची शक्यता जास्त असते. रात्री खोकल्यानं जाग येणं, जिना चढताना शिट्टी वाजल्यासारखा आवाज, छाती आवळणं, यातलं काही सुरू झालं तर स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) करून घ्या. दमा निघाला, औषध नीट घेऊनही ताब्यात येत नाही, आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा तात्पुरता पंप लागतो, अशी वेळ आली तर बोक्यासाठी दुसरं घर शोधणं हाच उपचार आहे. तेव्हा हट्ट करू नका. एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही एवढा दम लागला तर १०८.

बोक्याबरोबरच राहायचं आणि औषधांनी भागत नाही, अशांसाठी इम्युनोथेरपी असते, म्हणजे त्याच प्रथिनाची थोडी थोडी मात्रा देऊन शरीराला सवय लावणं. तीन ते पाच वर्षं चालते, प्रत्येक इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबावं लागतं. दमा ताब्यात नसेल तर देत नाहीत.


प्रश्नकर्ती: जुळेसोलापूर_तळमजला

सगळ्यांचे मनापासून आभार. चादरीचं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

अजून तीन गोष्टी. पर्शियनची ॲलर्जी होत नाही, बदलून घ्या, असं पाळीव प्राण्यांच्या दुकानात सांगतात. खरं का? फरशी मी फिनेलनं पुसते, ते चालू ठेवू ना? आणि अंड्यातून काही औषध देतात म्हणे, त्यानं मांजराची ॲलर्जी कमी होते?


उत्तर: पशुसेवा_होटगीरोड

फिनेल आजपासून बंद करा. काळं असो की पांढरं, मांजराच्या यकृताला फिनॉलसारखे पदार्थ नीट निकामी करता येत नाहीत. ओल्या फरशीवरून चालतं, पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. लाळ गळणं, तोंडाला फोड येणं, अंग थरथरणं अशी लक्षणं दिसतात. डेटॉल, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, निलगिरीचं तेल, सगळं त्याच माळेतलं. फरशीला साबणाचं पाणी, मग साधं पाणी, वाळेपर्यंत बोका बाहेर. आणि तुमच्या नाकालाही फिनेलचा वास त्रासच देतो. घरातली पॅरासिटामॉलही मांजराला कधीच नाही, एका गोळीतही जीव जातो.

पर्शियनचं खोटं. पर्शियन, देशी, सयामी, सगळ्यांत फेल डी १ असतं. ॲलर्जी न करणारी जात नाही. एकाच जातीतल्या दोन मांजरांत मात्र खूप फरक असू शकतो. त्यात नसबंदी न झालेल्या बोक्यात हे प्रथिन जास्त असतं, मादीत आणि नसबंदी झालेल्या बोक्यात कमी. म्हणजे तुमच्या हातातला सगळ्यांत सोपा उपाय अजून केलेलाच नाही. नसबंदी करून घ्या. उपाशी किती तास ठेवायचा ते डॉक्टर सांगतील. घरी आल्यावर आठ-दहा दिवस जखम चाटू द्यायची नाही, गळ्यात शंकूसारखी कॉलर ठेवायची. प्रथिन काही आठवड्यांत कमी होत जातं. भिंतीवर मुतून खूण करणंही बहुतेकांत थांबतं.

अंड्याचं अर्धं खरं आहे. कोंबडीच्या अंड्यात फेल डी १ विरुद्धची प्रतिपिंडं तयार करून ती कोरड्या खाद्यावर लावतात. मांजर चावताना लाळेतलं प्रथिन निष्क्रिय होतं. कंपनीच्याच अभ्यासात तिसऱ्या आठवड्यापासून सरासरी ४७ टक्के घट दिसली. रोज तेच खाद्य खायला घालावं लागतं. बाजारातलं साधं अंडं घातलं तर यातलं काहीही होत नाही, आणि कच्चं पांढरं तर घालूच नका, ते बायोटिन हे जीवनसत्त्व बांधून ठेवतं.

अंघोळीनं अंगावरचं प्रथिन धुतलं जातं, पण दोन दिवसांत परत भरतं. आठवड्यातून दोनदा घालावी लागेल, बोका त्यात नखं मारणार, आणि पाणी कुठून आणणार? त्यापेक्षा ओल्या नॅपकिननं रोज पुसा, डोक्यापासून शेपटीकडं, गाल आणि हनुवटी विसरू नका. रबरी ब्रश ओला करून आठवड्यातून दोनदा, तेही घराबाहेर. ही दोन्ही कामं ज्यांना ॲलर्जी नाही त्यांनी करायची. बोक्याच्या शी-शूच्या ट्रेमधली माती बदलण्याचंही तसंच. माती उंचावरून ओतली की धूर उडतो, पिशवीचं तोंड ट्रेला टेकवून हळू सोडा. बांधकामाची वाळू आणून भरू नका, तिच्यात बाहेरच्या मांजरांनी घाण केलेली असते. ट्रे रोज साफ.

मार्केट यार्डात सोडण्याचं तुम्ही नाही म्हणालात ते फार बरं केलंत. घरचा बोका तिथल्या बोक्यांपुढं टिकत नाही. उपासमार होईल अशा ठिकाणी प्राणी सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हाही आहे. घरी हे वाचून दाखवा.


प्रश्नकर्ती: जुळेसोलापूर_तळमजला

नसबंदीचं याच आठवड्यात विचारते. एकच अडचण उरली. रात्री दार बंद केलं की बोका बाहेरून ओरडतो, दार खरवडतो. दोन रात्री करून बघितलं, तिसऱ्या दिवशी दार उघडावं लागलं.


उत्तर: पशुसेवा_होटगीरोड

तिसऱ्या दिवशी उघडलंत म्हणून तो आता शिकला की दोन रात्री ओरडलं की दार उघडतं. पुढच्या वेळी चार रात्री ओरडेल. सुरू केलं की मधे उघडायचं नाही. आधी वाढतं आणि मग कमी होतं, एक ते दोन आठवडे धरा. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्यांच्या बोलण्यानं तुम्ही डगमगणार नाही.

त्याला फक्त बाहेर काढू नका, बाहेर जागा द्या. हॉलमध्ये उंचावर, कपाटावर किंवा फळीवर, त्याचं स्वतःचं अंथरूण. तुम्ही रोजच्या वापरातून काढलेल्या सोलापुरी चादरीचा एक तुकडा तिथं टाका. तुमचा वास त्यात आहे, तो लगेच बसेल. झोपायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं दोरीला चिंधी बांधून पळवा, दमला की रात्रीचं जेवण तेव्हाच. मांजर शिकार करतं, खातं, अंग चाटतं आणि झोपतं, हा क्रम त्याच्या अंगातच असतो. संध्याकाळी सातला जेवण दिलं तर पहाटे चारला भूक लागून दाराशी येणारच. दाराच्या खालच्या बाजूला प्लास्टिकची जाड पट्टी लावा, नख धरत नाही आणि पुसायलाही सोपी. दाराखालची फट जुना टॉवेल गुंडाळून बुजवा, तिथूनच हवा आणि कोंडा आत येतो. तो टॉवेलही आठवड्याच्या धुण्यात घाला.

उन्हाळ्यात हॉलला कूलर नसेल तर त्याच्यासाठी दोन ठिकाणी पाणी, फरशीवर ओलं केलेलं गोणपाट आणि पंखा. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकू लागलं तर उकाड्यानं बेजार झालंय असं समजा. ओल्या फडक्यानं कान आणि पंजे पुसा आणि दवाखान्यात न्या. मे महिन्यात नव्यानं सवय लावू नका, आत्ताच सुरू करा.